नादारीचा अर्ज आणि दोन याद्या

'नादारी' हा शब्द मी पहिल्यांदा शाळेत ऐकला. फी माफ व्हावी म्हणून वडिलांनी तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणून मुख्याध्यापकांकडे जो अर्ज दिला होता, तो नादारीचा अर्ज होता, आणि तो मंजूर झाल्याचे कळले तेव्हा घरात सगळ्यांना आनंदच झाला होता. दुसऱ्यांदा हा शब्द माझ्या वाट्याला आला तो वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, देणी फेडता येत नाहीत असे सांगून जिल्हा न्यायालयात दाखल करायच्या कागदाच्या मथळ्यावर, आणि या वेळी खाली सही माझी होती.

यवतमाळ जिल्ह्यातील एका आठवडी बाजाराच्या गावात मी २००९ पासून कृषी सेवा केंद्र चालवत होतो. हा सगळा कपाशीचा पट्टा आहे आणि येथील दुकानदारी उधारीवर चालते. जूनमध्ये बियाण्याची पाकिटे आणि खत न्यायचे, ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणीची औषधे न्यायची, आणि कापूस विकला गेला की दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान हिशेब चुकता करायचा, अशी पद्धत माझ्या आधीच्या पिढीपासून चालत आली आहे. या व्यवहारात दुकानदार मधला असतो. त्याच्या एका हातात शेतकऱ्याचा तोंडी शब्द असतो आणि दुसऱ्या हाताने त्याने घाऊक विक्रेत्याला पुढच्या तारखेचा चेक दिलेला असतो. पाऊसपाणी ठीक असले की दोन्ही हात जुळतात. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि त्या वर्षीची माझी उधारी जवळजवळ सगळी वहीतच राहिली. पुढे कर्जमाफी झाली, २०१७ ची आणि नंतर २०१९ ची. पण माफी बँकेच्या आणि सोसायटीच्या पीककर्जाला असते, दुकानदाराच्या खतावणीला नसते. मी पतसंस्थेकडून कर्ज काढून घाऊकवाल्यांचे चेक वठवले, पतसंस्थेचा हप्ता भरण्यासाठी नातेवाइकांकडून हातउसने घेतले, आणि २०२० मध्ये टाळेबंदीत कापूस खरेदी रखडल्यावर शेकडा पाच रुपये महिन्याने एका खाजगी व्याजवाल्याचेही पैसे घेतले. जून २०२१ मध्ये पेरणीच्या ऐन दिवसांत मी दुकानाचे शटर उघडले नाही.

त्यानंतरचे सहा महिने मी काय केले हे सांगण्यासारखे नाही. फोन बंद ठेवणे आणि बाजाराच्या दिवशी घराबाहेर न पडणे, एवढेच केले. एका घाऊक विक्रेत्याने चेक न वठल्याची फिर्याद केली आणि पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला, तेव्हा वकिलाकडे जाणे भाग पडले.

वकिलाकडे जाण्याआधी मी मोबाइलवर बराच शोध घेतला होता, आणि तो बहुतेक चुकीच्या दिशेने घेतला होता, हे येथे नमूद करतो. कारण माझ्यासारखा कोणीही माणूस आधी तिकडेच जाईल. 'नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६' असा नवा कायदा झाला आहे, हे बातम्यांतून माहीत होते. त्या संहितेखालील नियामक मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर सूचनांची मोठी यादी सापडली, परंतु त्यात सगळ्या कंपन्या. कोणा किराणावाल्याचे, कृषी केंद्रवाल्याचे, आडत्याचे नाव दिसेना. मला वाटले, मलाच शोधता येत नाही. संहितेत गरीब ऋणकोंसाठी 'नव्याने सुरुवात' अशी एक तरतूद असल्याचेही वाचले. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःच्या मालकीचे घर नाही, अशा माणसासाठी ती आहे. पस्तीस हजारांचेच देणे असते तर मी दुकान बंद केले नसते, असे मनात येऊन गेले.

वकील साहेबांनी पहिल्याच भेटीत गुंता सोडवला. संहितेचा व्यक्तींना लागू होणारा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसासाठी तो अजून सुरू झालेला नाही, आणि म्हणून मुंबई, कोलकाता, चेन्नई ही शहरे सोडली तर बाकी ठिकाणी इंग्रजांच्या काळचा प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० हाच चालतो, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी ना नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचे, ना मुंबईला. आपण जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, किंवा शासनाने ज्या दुय्यम न्यायालयाला तसा अधिकार दिला असेल तेथे. अर्ज करण्यासाठी देणे किमान पाचशे रुपयांचे असावे, अशी अट आहे. १९२० चे पाचशे रुपये कायद्यात अजून तसेच आहेत. मग ते थोडे संकोचून म्हणाले की पंचवीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी असा एकही अर्ज लिहिलेला नाही. जुना एखादा अर्ज पाहायला मिळाला तर मसुदा बिनचूक करता येईल. ज्या वकिलाने हे कबूल केले त्याच्यावर माझा विश्वास बसला.

अशा रीतीने दुसऱ्यांच्या नादारीचे कागद शोधण्याचे काम माझ्याकडे आले. ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय-संकुल निवडले की पक्षकाराच्या नावाने, प्रकरण क्रमांकाने, प्रकरणाच्या प्रकाराने किंवा कायद्याच्या नावाने शोध घेता येतो. नावाने शोधायचे तर इंग्रजी अक्षरांत नाव आणि वर्ष टाकावे लागते, आणि कोणाचे नाव शोधायचे हेच मला ठाऊक नव्हते. म्हणून मी कायद्याच्या नावाची वाट धरली. पुढे 'प्रलंबित' की 'निकाली' हेही निवडावे लागते. मी आधी फक्त प्रलंबित पाहत राहिलो आणि दोन दिवस काहीच सापडत नाही म्हणून बसून राहिलो. निकाली निवडल्यावर अगदी थोडी प्रकरणे दिसली. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो; तो वहीत उतरवून घेतला की पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही. तारखा आणि निकालपत्र संकेतस्थळावर दिसते. मूळ अर्ज आणि त्याच्या जोडपत्रांच्या याद्या मात्र दिसत नाहीत. त्यासाठी न्यायालयात जाऊन नकलेचा अर्ज करावा लागतो, आणि आपण त्या प्रकरणातले पक्षकार नसू तर नक्कल कशासाठी हवी त्याचे कारण शपथेवर लिहून परवानगी मिळवावी लागते.

राजपत्राचाही शोध घेतला. न्यायालय एखाद्याला नादार घोषित करते तेव्हा त्याचे नाव, पत्ता, घोषणेची तारीख आणि नादारीतून मुक्ततेसाठी अर्ज करण्याची मुदत राजपत्रात छापावी, असे १९२० च्या कायद्याचे कलम ३० सांगते. शासन मुद्रणालयाच्या संचालनालयाच्या संकेतस्थळावर राजपत्राचे अंक आहेत. ते चाळणे म्हणजे नावबदलाच्या जाहिरातींच्या रानात हरवलेले वासरू शोधणे. 'माझे जुने नाव अमुक, नवीन नाव तमुक' अशी पानेच्या पाने उलटावी तेव्हा कुठे एखादी वेगळी सूचना लागते. मी ते काम चार रात्रींत सोडून दिले.

अभिलेख कक्षातल्या कर्मचाऱ्याने मात्र परवानगीचा कागद पाहून बरेच जुने गठ्ठे काढून दिले. "भाऊ, हे गठ्ठे मीनं पन लय दिवसानं सोडले. पयले येत होते असे अर्ज, आता कोनी टाकत नाही," असे तो म्हणाला. लाल कापडात बांधलेल्या त्या गठ्ठ्यातले एक प्रकरण एका कापड दुकानदाराचे होते. मी मसुदा पाहायला गेलो होतो. पण त्याच्या मालमत्तेच्या यादीत 'शिवण यंत्र एक, पायडल तुटलेले' अशी नोंद वाचल्यावर मला पुढचे वाचवेना. हा माणूस कोण, कुठला, हे मला ठाऊक नव्हते, आणि तरी त्याच्या घरातल्या तुटक्या पायडलापर्यंत मी पोचलो होतो. सार्वजनिक कागद म्हणजे काय हे मला तेथे कळले. असाच कोणी उद्या माझी यादी वाचील, हेही कळले.

अर्जात काय असावे ते कलम १३ मध्ये दिले आहे. देणी फेडण्यास असमर्थ असल्याचे विधान, राहण्याचे ठिकाण, सर्व देण्यांचा तपशील घेणेकऱ्यांच्या नाव-पत्त्यांसह, सर्व मालमत्तेचा तपशील किमतीसह आणि ती कुठे आहे त्या ठिकाणासह, ती मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी, आणि पूर्वी कधी असा अर्ज केला होता काय याचा खुलासा. कागदावर हे अर्धे पान भरते. मला त्याला अडीच महिने लागले, कारण या अर्जाचा सारा जीव दोन याद्यांत आहे: मी कोणाचे देणे लागतो आणि माझे देणे कोण लागतो.

पहिली यादी बारा जणांची झाली. बँकेचे कॅश क्रेडिट ११ लाख २० हजार, त्याला दुकानाचा गाळा आणि जागा गहाण. पाच घाऊक विक्रेते मिळून ९ लाख ६५ हजार. पतसंस्था ३ लाख ८० हजार. हातउसने चौघांचे ४ लाख १० हजार. आणि तो व्याजवाला, दीड लाख. एकूण ३० लाख २५ हजार रुपये. इतकी वर्षे मी हा आकडा एका कागदावर कधी मांडला नव्हता. वेगवेगळ्या डायऱ्यांत तो तुकड्या-तुकड्यांनी होता, आणि तुकड्यांत होता म्हणूनच झोप लागत होती.

यादीतला सर्वांत अवघड माणूस व्याजवाला नव्हता. त्याच्याकडे सावकारीचा परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला नऊ टक्के आणि विनातारणी कर्जावर बारा टक्के, तर इतरांना पंधरा आणि अठरा टक्के, असे दर ठरवून दिलेले असताना तो साठ टक्के घेत होता. त्याचे नाव घेतलेल्या मुद्दलासह लिहायचे, शेरा 'विवादित' असा द्यायचा आणि तक्रार सहायक निबंधकांकडे वेगळी करायची, असे वकिलांनी सांगितले आणि तो विषय तेथे संपला. अवघड होता तो माझा साळा. बहिणीच्या संसारासाठी त्याने बैलजोडी विकून आणि सोसायटीचे कर्ज उचलून दोन लाख रुपये कागदाच्या चिटोऱ्याशिवाय मला दिले होते. माझ्याकडे त्या वेळी गोदामातले शेवटचे खत विकून आलेले ऐंशी हजार रुपये होते आणि ते त्याला देऊन टाकावेत, मग अर्ज करावा, असे माझ्या आणि पत्नीच्या मनात होते. वकील साहेबांनी कलम ५४ उघडून दाखवले. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्या घेणेकऱ्याला इतरांपेक्षा झुकते माप देण्यासाठी काही दिले, तर ते न्यायालय रद्द करू शकते. म्हणजे उद्या रिसीव्हर, नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला न्यायालय नेमते तो माणूस, माझ्या साळ्याच्या दारात उभा राहून ते पैसे परत मागील. त्याचे नावच गाळावे म्हटले तर ती खोटी यादी झाली, आणि खोट्या यादीला कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे.

तो आला तेव्हा ओसरीत बसून मी त्याला हे सांगितले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊजी, पैसे जाऊ द्या, पन माहं नाव कायले लिहिता? लोक म्हनतील, यानं बहिनीच्या नवऱ्याले कोर्टात नेलं." मी त्याचे नाव लिहिले. कायद्याने बँक, कंपनीचा घाऊक विक्रेता आणि बैल विकणारा भाऊ एका रांगेत बसवावेत, हे मला त्या दिवशी क्रूर वाटले आणि आजही पुरते पटलेले नाही. मात्र हेही खरे की ज्याचा आवाज मोठा त्याला आधी, असे जर मी मोकळेपणी करू लागलो असतो, तर पहिला नंबर साळ्याचा लागला नसता, व्याजवाल्याचा लागला असता.

दुसरी यादी येण्यांची. उधारीची वहीही माझी मालमत्ताच, म्हणून तीतील प्रत्येक नाव रकमेसह लिहिणे आले. दोनशे बारा नावे, १४ लाख ७० हजार रुपये. संध्याकाळी जेवण झाल्यावर मी वही उघडून बसायचो आणि मुलगी संगणकावर नावे भरायची. वही वाचता वाचता गावाचा नकाशा डोळ्यांसमोर येई. कोणाची पेरणी दुबार झाली, कोणाच्या मुलीचे लग्न त्या वर्षी होते, कोण औषध नेऊन पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जाऊ लागला. एकोणीस नावांपुढे मी 'मयत' लिहिले. त्यांतील तिघांनी आत्महत्या केली होती, आणि त्यांपैकी एकाच्या नावावरची शेवटची नोंद माझ्याच अक्षरात, माझ्याच दुकानातल्या कीटकनाशकाच्या डब्याची होती. मुलीने विचारले, बाबा, यापुढे काय लिहू? मी म्हटले, ही ओळ राहू दे, मी उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी वकिलांना विचारले की ही नावे वगळली तर चालेल का, कारण ही यादी न्यायालयात गेली की ज्यांनी मला बुडवले नाही, ज्यांना शेतीने बुडवले, त्यांची नावे कायमची 'ऋणको' म्हणून दप्तरात राहतील आणि रिसीव्हर त्यांच्यावर दावे लावू शकेल. ते म्हणाले, वगळता येणार नाही, पण खरे तेवढे सगळे लिहिता येईल. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षांची असते. २०१७ आणि २०१८ च्या सगळ्या नोंदींना तीन वर्षे उलटून गेली होती. त्यामुळे शेऱ्याच्या रकान्यात 'मुदतबाह्य', 'मयत, वारसांकडे साधन नाही', 'भूमिहीन झाला' असे लिहीत गेलो आणि दोनशे बारांपैकी वसूल होण्याजोगी नावे चाळीसच्या आसपास उरली. त्या डब्याच्या ओळीपुढे 'मयत, मुदतबाह्य' असे दोन शब्द मी स्वतः लिहिले.

मालमत्तेच्या बाबतीत एकच मुद्दा सांगण्याजोगा आहे. राहते घर आणि चार एकर कोरडवाहू शेत आईच्या नावे आहे. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत केलेले बक्षीसपत्र वा तत्सम हस्तांतर रद्द होऊ शकते, म्हणून हे आईच्या नावे कधी झाले असा प्रश्न येणार हे उघड होते. वडील २००५ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी मी व बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले होते; त्याची प्रत, फेरफार, सातबारा आणि घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठ असे चार कागद जोडले. पत्नीचे मंगळसूत्र यादीत लिहायचे का, असे मी भीत भीत विचारले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे रूढीनुसार जे दागिने स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत, त्यांची जप्ती होत नाही, असे समजले. बाकीचे सोने आधीच गहाण होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्ज दाखल केला. वकीलपत्र, सत्यापन, शपथपत्र, दोन्ही याद्या, बँकेचे उतारे, पाच वर्षांच्या खतावण्या, आणि बारा घेणेकऱ्यांना नोटीस काढण्यासाठी बारा प्रती व तितकाच टपालखर्च. पहिल्या तपासणीत दोन पत्ते अपुरे म्हणून त्रुटी निघाली, ती दुरुस्त केली, मग क्रमांक पडला. एकदा केलेला हा अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट मी उशिरा समजून घेतली: नादारीने फौजदारी प्रकरण थांबत नाही. चेकची फिर्याद आपल्या वाटेने चालत राहिली; शेवटी माझ्या बहिणीने स्वतःच्या बचतीतून रक्कम भरली आणि लोकअदालतीत ती मिटली.

सुनावणीच्या दिवशी घेणेकऱ्यांसमोर ऋणकोला शपथेवर तपासले जाते आणि घेणेकऱ्यांना त्याला प्रश्न विचारता येतात. बारांपैकी पाच आले. बँकेच्या वकिलांनी एवढेच सांगितले की त्यांची गहाणवट या प्रकरणाच्या बाहेर आहे, गाळा विकून जे उरेल त्यापुरता दावा ते येथे सांगतील. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याने विचारले की कर्ज घेतले त्या वर्षी तुम्ही मोटारसायकल कशी घेतली. ती २०१४ ची होती. नोंदणीचा कागद दाखवला. एका घाऊक विक्रेत्याच्या प्रतिनिधीने मात्र नेमका प्रश्न विचारला: २०१८ मध्येच धंदा बुडाल्याचे दिसत असताना तुम्ही २०१९ आणि २०२० मध्ये आमच्याकडून माल कसा उचलला? याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. एक हंगाम बरा गेला की सगळे फिटेल असे वाटत होते, एवढेच मी सांगितले, आणि न्यायाधीशांनी ते लिहून घेतले. मागच्या बाकावर माझा साळा बसला होता. त्याला काही विचारायचे आहे का असे विचारल्यावर तो उभा राहिला आणि मान हलवून खाली बसला.

ऑगस्ट २०२३ मध्ये मला नादार घोषित करण्यात आले, एक वकील रिसीव्हर म्हणून नेमले गेले आणि मुक्ततेच्या अर्जासाठी एक वर्षाची मुदत मिळाली. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागून घेतला. रिसीव्हर दुकानात आले, पंचनामा झाला. वजनकाटा, टेबल, रॅक आणि मोटारसायकल मिळून २७ हजार ५०० रुपये आले. मुदत संपलेली औषधे विकता येत नाहीत, त्यांची वेगळी नोंद झाली. वसूल होण्याजोग्या नावांना पत्रे गेली आणि त्यांतून ६२ हजार जमले. साळ्यासाठी ठेवलेले ते ऐंशी हजारही त्यांच्याकडेच जमा झाले. वर्तमानपत्रात कोणी वाचले नाही, राजपत्रात कोणी पाहिले नाही, तरी पंचनाम्याच्या दिवशी सारे गाव पारावर होते. गावाची नोंदवही न्यायालयाच्या आधी लिहून झालेली असते. मी मात्र राजपत्राचे संकेतस्थळ पुन्हा उघडले आणि नावबदलांच्या गर्दीत आपले नाव सापडेपर्यंत पाने उलटत राहिलो.

मुक्तता मिळेपर्यंत नादार माणसाने पन्नास रुपये वा त्याहून अधिक उधार घेताना आपण नादार आहोत हे समोरच्याला सांगितले पाहिजे, न सांगितल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम ७२. पन्नास रुपयांत आज साखरेचा एक पुडा येतो. किराणावाला माझा वर्गमित्र आहे, पहिल्यांदा त्याला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "अबे, मले ठाव नाही का?" तरी मी सांगितले, आणि तेव्हापासून रोखीनेच घेतो.

आता मुक्ततेचा अर्ज चालू आहे, आणि त्यात एक अडचण आहे. तारण नसलेल्या देण्यांच्या मानाने मालमत्ता रुपयाला पन्नास पैशांपेक्षा कमी पडली, तर न्यायालयाने पूर्ण मुक्तता देऊ नये, असे कलम ४२ म्हणते; मात्र ही तूट आपल्या दोषाने आलेली नाही असे नादाराने पटवून दिले, तर ती अडचण दूर होते. माझी मालमत्ता रुपयाला दहा पैसेही भरत नाही. वकील साहेबांनी विचारले, त्या वर्षांत तुमच्या भागात पीक नव्हते याचा सरकारी कागद काही मिळेल का? तेव्हा मला पैसेवारी आठवली, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले याचा सरकारी अंदाज. महसूल खाते आमच्याकडे डिसेंबरअखेर गावागावाची अंतिम पैसेवारी जाहीर करते, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईचे ठरते. म्हणून ज्या गावांतून माझे गिऱ्हाईक येत, त्या गावांच्या २०१७ आणि २०१८ च्या अंतिम पैसेवारीच्या प्रमाणित प्रतींसाठी मी तहसील कार्यालयात अर्ज दिला आहे. पहिल्या तीन गावांच्या प्रती मिळाल्या आहेत, तिन्ही पन्नासच्या आत आहेत. उरलेल्या पुढच्या सोमवारी घ्यायला बोलावले आहे, आणि न्यायालयाची तारीख त्यानंतर नऊ दिवसांनी आहे.